प्रश्नाची परीक्षा

"गेल्या वर्षभरात तुमच्या मुलाला काही इजा झाली होती का?"

आरोग्य सर्वेक्षणाच्या कागदावर असा एक प्रश्न असतो. सर्वेक्षक तो वाचून दाखवतो, घरातली आई 'हो' किंवा 'नाही' म्हणते, कागदावर खूण होते आणि गाडी पुढच्या प्रश्नावर जाते. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही. अशा हजारो खुणांची बेरीज करून 'दर शंभर मुलांमागे वर्षाला इतक्या इजा' असा एक आकडा तयार होतो. तो अहवालात छापला जातो आणि त्याच्या आधारे कुठे किती पैसा खर्च करायचा हे ठरते.

प्रयोगशाळेत तापमापक हाती आला की आपण आधी तो तपासतो. वितळत्या बर्फात तो शून्य दाखवतो का, उकळत्या पाण्यात शंभर दाखवतो का, हे पाहिल्याशिवाय त्याच्या वाचनावर विश्वास ठेवत नाही. आईला विचारलेला प्रश्न हेही मोजमापाचे एक उपकरणच आहे. मग ते कोणी, कसे तपासले? लहान मुलांच्या दुखापतींबद्दलच्या प्रश्नांच्या निमित्ताने या तपासणीचा इतिहास आपण पाहू.

घरोघर जाऊन विचारायचे कशाला?

दुखापतींची माहिती रुग्णालयांच्या नोंदींतून मिळणार नाही का? काही प्रमाणात मिळते. पण दुखापतींचा एक पिरॅमिड कल्पून पाहा. अगदी टोकाला मृत्यू. त्याखाली रुग्णालयात दाखल झालेली मुले. त्याखाली दवाखान्यात जाऊन टाके घालून किंवा मलमपट्टी करून परत आलेली. आणि सर्वांत खाली, पायाच्या रुंद भागात, घरीच हळद लावून किंवा तेल चोळून बरी झालेली मुले. रुग्णालयाचे रजिस्टर फक्त वरचा भाग दाखवते. जिथे रुग्णालयच दूर आहे, तिथे तर टोकाचाही काही भाग दिसत नाही.

भारतातलेच एक उदाहरण पाहा. घरोघर जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या एका मोठ्या अभ्यासातून, २००५ साली देशात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांकडून आलेल्या सरकारी आकड्याच्या तो तीस पटींहून अधिक होता. कारण सरळ होते. बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले होते. नोंदवहीत नसलेली माणसे विचारल्यावरच सापडली.

अमेरिकेत १९५६ साली राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाचा कायदा झाला आणि जुलै १९५७ पासून घरोघर जाऊन आरोग्याची माहिती विचारणारे सर्वेक्षण सुरू झाले. ते आजही चालू आहे. त्यात दुखापतींचे प्रश्नही होते. 'मुलाखतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत काय झाले' असे विचारले जाई. दोनच आठवडे का? कारण माणसे विसरतात, ही शंका तेव्हाही होतीच. पण किती विसरतात आणि काय विसरतात, हे कोणी नीट मोजलेले नव्हते.

विसरण्याचे मोजमाप

हे मोजायचे कसे? त्यासाठी खरे उत्तर आधी माहीत असायला हवे. मिशिगन विद्यापीठातील चार्ल्स कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास एक साधी पण चतुर युक्ती केली. रुग्णालयाच्या नोंदींवरून, गेल्या वर्षभरात कोण केव्हा दाखल झाले होते ते त्यांनी आधी पाहून ठेवले. मग त्याच लोकांच्या घरी मुलाखतकार पाठवले आणि नेहमीचा प्रश्न विचारायला लावला. उत्तर नोंदीशी जुळले की नाही, हे आता ताडून पाहता येत होते.

तीन गोष्टी दिसल्या. घटना जितकी जुनी, तितकी ती सांगितली न जाण्याची शक्यता जास्त. रुग्णालयातला मुक्काम जितका छोटा, तितके विस्मरण जास्त. आणि ज्या आजाराबद्दल बोलायला संकोच वाटतो, तो अधिक वेळा गाळला जातो. म्हणजे उत्तर न मिळण्याचे कारण प्रत्येक वेळी विसरणे हेच नसते. कधीकधी माणसाला आठवते, पण सांगावेसे वाटत नाही.

त्याच सुमारास याच्या नेमकी उलट चूकही उजेडात आली. जॉन नेटर आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी घरदुरुस्तीच्या खर्चाबद्दलचे प्रयोग १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. 'गेल्या महिन्यात किती खर्च केला' असे विचारले की लोक त्याआधीच्या महिन्यातला खर्चही त्यात धरतात, असे त्यांना आढळले. दुर्बिणीतून दूरची वस्तू जवळ दिसते, तशी जुनी घटना जवळची वाटते. म्हणून या चुकीला 'टेलिस्कोपिंग' असे नाव पडले. यावर त्यांचा उपाय असा होता की त्याच घरी दोनदा जायचे, आणि दुसऱ्या खेपेला 'मागच्या वेळी तुम्ही हे हे सांगितले होते, त्यानंतर काय झाले ते सांगा' असे विचारायचे.

भारतीय संख्याशास्त्रज्ञांना हा प्रश्न त्याआधीच भेटला होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झाले, तेव्हा घरात किती धान्य खाल्ले हे विचारताना एक आठवडा घ्यावा की एक महिना, असा वाद होता. महालनोबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत प्रयोग केला. काही घरांत धान्य प्रत्यक्ष वजन करून पाहिले आणि तो आकडा लोकांच्या उत्तरांशी ताडला. तांदळासारख्या वस्तूंच्या बाबतीत महिन्याचे उत्तर वजनाशी अधिक जुळले, तर आठवड्याचे उत्तर फुगलेले निघाले. छोटा काळ म्हणजे अचूक उत्तर, असा सरसकट नियम नाही, हे त्यावरून दिसले. रोज शिजणारा तांदूळ आणि वर्षातून एखाद्या वेळी होणारी दुखापत या स्मरणाच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येक विषयासाठी प्रश्नाची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

सतरा हजार मुले आणि एक घसरता आलेख

मुलांच्या दुखापतींच्या बाबतीत ही तपासणी अमेरिकेतल्या १९८८ च्या सर्वेक्षणामुळे शक्य झाली. त्या वर्षी नेहमीच्या प्रश्नावलीला बालआरोग्याची एक पुरवणी जोडली होती. १७,११० मुलांच्या पालकांना किंवा सांभाळणाऱ्यांना, गेल्या बारा महिन्यांत मुलाला झालेल्या दुखापतींबद्दल विचारले गेले आणि प्रत्येक दुखापत केव्हा झाली हेही लिहून घेतले गेले.

आता विचार करा. मुलाखती वर्षभर चालू असतील, तर मुलाखतीच्या आधीच्या महिन्यात जेवढ्या दुखापती, तेवढ्याच साधारण त्याआधीच्या महिन्यात, तेवढ्याच सहा महिन्यांपूर्वी आणि तेवढ्याच अकरा महिन्यांपूर्वीही असायला हव्यात. आलेख काढला तर आडवी रेषा यायला हवी. प्रत्यक्षात रेषा घसरत गेली. केवळ शेवटच्या एका महिन्याच्या दुखापतींवरून वार्षिक प्रमाण काढले, तर दर शंभर मुलांमागे २४.४ दुखापती येत होत्या. पूर्ण बारा महिन्यांची उत्तरे धरली, तर तेच प्रमाण १४.७ वर येत होते. मुले तीच, पालक तेच, प्रश्नही तोच. फरक फक्त किती मागचे आठवायचे याचा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात आणखी एक गोष्ट पुढे आली. सर्वांत जास्त घसरण चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आणि किरकोळ दुखापतींच्या बाबतीत होती. शस्त्रक्रिया करावी लागली, रुग्णालयात राहावे लागले, शाळा बुडाली, अशा दुखापती पालकांच्या बऱ्याच लक्षात होत्या.

पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, घाना देशातला असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे सर्व वयांच्या २१,१०५ माणसांची माहिती घेतली होती. एका महिन्याच्या आठवणीवरून वर्षाला दर शंभर माणसांमागे २७.६ दुखापती, तर बारा महिन्यांच्या आठवणीवरून फक्त ७.६. जवळजवळ तीन चतुर्थांश दुखापती आकड्यातून नाहीशा झाल्या होत्या. मात्र ज्या दुखापतींमुळे माणसाला तीस किंवा अधिक दिवस काम करता आले नाही, त्यांच्या प्रमाणात अशी घट नव्हती. मोठे दुखणे घर विसरत नाही.

याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. समजा, एका राज्यात 'गेल्या महिन्यात' आणि शेजारच्या राज्यात 'गेल्या वर्षी' असे विचारले. दोन्हीकडे मुले सारखीच पडत-धडपडत असली, तरी दुसऱ्या राज्यातली मुले कितीतरी सुरक्षित आहेत असे आकडे सांगतील. कोणीतरी त्याचे श्रेयही घेईल!

मग फक्त एकच महिना का विचारू नये?

वर्गात गणित घेणाऱ्या शिक्षकांना हा भाग विशेष उपयोगी पडेल. समजा, एका तालुक्यात खरोखर दर शंभर मुलांमागे वर्षाला २४ दुखापती होतात आणि आपण हजार मुलांच्या घरी गेलो. एका महिन्याबद्दल विचारले, तर आपल्याला साधारण २० दुखापती सापडतील. पण हा आकडा योगायोगाने थोडा वरखाली होणारच. अशा मोजणीत होणारी चढउतार साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. २० चे वर्गमूळ सुमारे साडेचार. म्हणजे चूक झाली वीस टक्क्यांहून जास्त.

वर्षाबद्दल विचारले आणि सगळ्यांना सगळे आठवले, तर २४० दुखापती मिळतील. त्याचे वर्गमूळ सुमारे साडेपंधरा, म्हणजे साडेसहा टक्के. पण सगळ्यांना सगळे आठवत नाही, हीच तर अडचण!

इथे दोन प्रकारच्या चुका समोरासमोर उभ्या आहेत. पहिली योगायोगाची. ती जास्त घरांत गेले की कमी होते. दुसरी विस्मरणाची. ती एकाच बाजूला झुकलेली असते, त्यामुळे लाख घरांत गेले तरी तशीच राहते. काटा आधीच सरकलेल्या तराजूवर शंभरदा वजन केले, तरी शंभरही वेळा ते चुकीचेच येणार. स्मरणकाल ठरवणे म्हणजे या दोन चुकांमधला सौदा असतो. १९९४ च्या अभ्यासकांनी एक ते तीन महिन्यांचा काळ सुचवला. अमेरिकेच्या सर्वेक्षणाची १९९७ मध्ये फेरमांडणी झाली, तेव्हा दुखापतींसाठी तीन महिने ठरले. पुढे त्याचीही परीक्षा झाली. तीन महिन्यांतही विस्मरण होतेच, म्हणून विश्लेषण करताना पाच आठवड्यांपर्यंतच्याच घटना धराव्यात, असा निष्कर्ष २००५ मध्ये निघाला. उपकरण एकदा तपासले म्हणजे काम संपले, असे होत नाही.

उत्तर देताना डोक्यात काय चालते?

इथपर्यंतची तपासणी बाहेरून होती. उत्तर चुकते हे कळले होते, पण ते का चुकते हे पाहण्यासाठी उत्तर देणाऱ्याच्या विचारात डोकवायला हवे होते. ते काम मानसशास्त्राचे.

एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ चा प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असेल. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवल्या आणि मोटारींचा वेग विचारला. 'मोटारी एकमेकींवर आदळल्या तेव्हा' असे विचारले, तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असे सौम्य क्रियापद वापरले, तेव्हा ते सुमारे ३२ मैल आले. प्रश्नातला एक शब्द उत्तराला नऊ मैल पुढेमागे करू शकतो, तर प्रश्नकर्त्याने शब्द किती जपून निवडायला हवेत!

१९८३ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या सेंट मायकल्स या गावी संख्याशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ सहा दिवस एकत्र बसले. चर्चेसाठी समोर ठेवले होते तेच १९५७ पासूनचे आरोग्य सर्वेक्षण. आलेल्या तज्ज्ञांची आधी त्याच प्रश्नावलीवर मुलाखत घेतली गेली होती. दुसऱ्याला विचारायचे प्रश्न स्वतःला विचारले की त्यांतल्या खाचखळग्यांची जाणीव होते, ही साधी गोष्ट त्यामागे होती.

या विचारमंथनातून एक उपयुक्त मांडणी पुढे आली. रॉजर टूरँजो यांनी १९८४ मध्ये ती चार पायऱ्यांत सांगितली. उत्तर देणारा आधी प्रश्नाचा अर्थ लावतो. मग स्मरणातून माहिती शोधून काढतो. मग ती माहिती प्रश्नात बसते का, याचा निर्णय करतो. आणि शेवटी उत्तर देतो. चारपैकी कोणतीही पायरी निसरडी असू शकते.

पण दुसऱ्याच्या मनातल्या पायऱ्या दिसणार कशा? यासाठी हर्बर्ट सायमन आणि अँडर्स एरिक्सन यांचे काम उपयोगी पडले. कोडे सोडवताना माणसाला आपले विचार मोठ्याने बोलायला सांगितले, तर त्या बोलण्याचा पुरावा म्हणून काळजीपूर्वक उपयोग करता येतो, असे त्यांनी १९८० मध्ये मांडले होते. हीच रीत प्रश्नावलीला लावली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्रात १९८५ मध्ये यासाठी एक खास प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे ना परीक्षानळ्या, ना सूक्ष्मदर्शक. एक टेबल, दोन खुर्च्या आणि ध्वनिमुद्रणाची सोय. समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा आणि म्हणायचे, 'उत्तर देताना मनात जे येईल ते बोलत राहा.' मग पुढे विचारायचे, 'हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा', 'इजा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आले?', 'तो दिवस गेल्या महिन्यातलाच, हे कशावरून?' अशा थोड्याच मुलाखतींतूनही प्रश्नातले मोठे दोष उघडे पडतात आणि हजारो घरांत जाण्यापूर्वीच ते दुरुस्त करता येतात.

मराठी घरात हाच प्रश्न

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ आणि तो या चार पायऱ्यांवरून चालवून पाहू.

पहिली पायरी अर्थाची. 'इजा' हा कागदावरचा शब्द आहे. घरात आपण 'लागलं', 'खरचटलं', 'खोक पडली', 'टेंगूळ आलं', 'पाय मुरगळला', 'हात मोडला', 'मुका मार लागला' असे म्हणतो. चहा अंगावर सांडला तर 'पोळलं' किंवा 'भाजलं'. मूल रॉकेल प्यायले, हौदात पडले, त्याला विंचू चावला, तर यांतले काही 'इजा' या शब्दात बसते असे आईला वाटेलच असे नाही. 'इजा'ऐवजी 'अपघात' म्हटले, तर डोळ्यांसमोर रस्ता आणि वाहनेच येण्याचा संभव जास्त. म्हणून चांगल्या प्रश्नात उदाहरणे द्यावी लागतात. अमेरिकेच्या १९९७ च्या प्रश्नात कापणे, मुरगळणे, भाजणे, हाड मोडणे अशी उदाहरणे दिलेली होती आणि विषबाधेसाठी वेगळा प्रश्न होता. मात्र हे प्रश्न आपल्याकडे वापरायचे, तर नुसते भाषांतर पुरणार नाही. उदाहरणे आपल्या घराअंगणातली, चुलीजवळची आणि विहिरीकाठची घ्यावी लागतील.

दुसरी पायरी स्मरणाची. 'गेल्या तीन महिन्यांत' म्हणजे नेमके केव्हापासून? इथे लॉफ्टस यांचेच आणखी एक काम आठवते. माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक १८ मे १९८० रोजी झाला. 'गेल्या सहा महिन्यांत' असे विचारण्याऐवजी 'त्या उद्रेकानंतर' असे विचारले, तेव्हा जुन्या घटना ओढून जवळ आणण्याची चूक कमी झाली. हे काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ज्वालामुखीची गरज नाही. पोळा, गणपती, दिवाळी, संक्रांत, शाळा सुरू झाली तो दिवस, गावची जत्रा, अशा खुणा प्रत्येक घराच्या आठवणीत रोवलेल्या असतात.

तिसरी पायरी निर्णयाची. गुडघा खरचटला तर ते सांगायचे का? 'एवढंसं तर लागलं होतं' असे म्हणून एक आई ते सोडून देईल, दुसरी सांगेल. म्हणून उंबरठा प्रश्नातच ठरवून द्यावा लागतो. 'दवाखान्यात न्यावं लागलं', 'एक दिवस तरी शाळा बुडाली किंवा नेहमीचं खेळणं बंद झालं', असा. पण तिथेही जपावे लागते. दवाखाना दहा मैलांवर असलेल्या वाडीत मूल दवाखान्यात गेले नाही, याचा अर्थ त्याला कमी लागले असा होत नाही. शाळा बुडण्याची अट शाळेत न जाणाऱ्या मुलाला लागू पडत नाही. गरिबाघरच्या मुलाची दुखापत इथे पुन्हा एकदा आकड्यातून निसटू शकते.

चौथी पायरी उत्तराची. मूल पोळले हे सांगताना 'तुमचं लक्ष कुठं होतं?' हा न विचारलेला प्रश्न आईला ऐकू येतो. शेजारी सासूबाई बसलेल्या असल्या, तर आणखीच. कॅनेल यांना संकोचाचा जो परिणाम दिसला, तो इथे आपली वाट पाहत असतो. 'लहान मुलं घरात असली की पडणं-भाजणं सगळ्याच घरांत होतं. तुमच्याकडे असं काही झालं होतं का?' अशी सुरुवात केली, तर बोलणे सोपे जाते. शिवाय आईला जे माहीत नाही, ते ती सांगूच शकत नाही. शाळेच्या मैदानावर, झाडावर, नदीवर झालेल्या बऱ्याच गोष्टी मुलांपाशीच राहतात. थोड्या मोठ्या मुलांना त्यांच्या दुखापती त्यांनाच विचारणे, हा म्हणूनच प्रश्न तपासण्याचा एक महत्त्वाचा भाग आहे.

विचारल्याने काय झाले?

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बांगलादेशाकडे आहे. तिथे २००३ साली एक प्रचंड सर्वेक्षण झाले. १,७१,३६६ घरे आणि ८,१९,४२९ माणसे. त्यात आजारांबरोबर दुखापतींबद्दलही नीट विचारले गेले. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पाण्यात बुडणे हे आहे, असे त्यातून दिसले. दरवर्षी सुमारे १७ हजार मुले बुडून मरत होती, म्हणजे दिवसाला सेहेचाळीस. घराशेजारच्या तळ्यात किंवा डबक्यात बुडालेले मूल रुग्णालयापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या आकड्यांत ते कधी दिसलेच नव्हते.

विचारल्यामुळे आणखी तपशीलही मिळाले. ही मुले घराजवळच्याच पाण्यात आणि बहुतेक सकाळच्या वेळी बुडत होती, जेव्हा आई घरकामात गुंतलेली असते. त्यावरून उपाय सुचले. त्या वेळेत पाच वर्षांखालील मुलांना सांभाळणारी 'आंचल' नावाची गावातली पाळणाघरे सुरू झाली आणि त्याहून मोठ्या मुलांना पोहायला शिकवले जाऊ लागले. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचे बुडण्याचे प्रमाण खूपच कमी झाले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडण्याचे मृत्यू रोखण्याविषयी ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस त्यासाठी ठरवला. तो ठराव पुढे नेणाऱ्या देशांत आयर्लंडबरोबर बांगलादेश होता.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००८ च्या अहवालानुसार २००४ या एका वर्षात जगात सुमारे ८ लाख ३० हजार मुले अपघाती दुखापतींनी दगावली. त्यांतली ९५ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. नेमक्या याच देशांत रुग्णालयांच्या नोंदी अपुऱ्या असतात आणि आपल्याला घरी जाऊन विचारलेल्या प्रश्नावरच विसंबावे लागते.

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी-नववीच्या वर्गात प्रश्न तपासण्याचा हा प्रयोग सहज करता येईल. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाला 'गेल्या एका महिन्यात तुम्हाला कितीदा लागलं, भाजलं, कापलं किंवा मुरगळलं?' असे विचारावे, दुसऱ्याला 'गेल्या एका वर्षात?' असे. 'त्यामुळे एक दिवस तरी खेळ किंवा शाळा बुडाली' अशी अट दोघांनाही सारखीच घालावी. उत्तरे नाव न लिहिता कागदावर घ्यावीत. पहिल्या गटाची सरासरी बाराने गुणून दुसऱ्या गटाच्या सरासरीशी ताडून पाहावी. गट लहान असतील तर योगायोगाची चूक मोठी येईल, तेव्हा शेजारच्या तुकड्यांनाही बरोबर घ्यावे. महिन्याची निवडही विचारपूर्वक करावी. पावसाळ्यातला घसरण्याचा महिना किंवा दिवाळीचा फटाक्यांचा महिना बाराने गुणला, तर उत्तर फुगेल. हे विद्यार्थ्यांना स्वतःच शोधू द्यावे.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकाने प्रश्न विचारावा आणि दुसऱ्याने मोठ्याने विचार करत उत्तर द्यावे. कोणाला 'लागलं' म्हणजे रक्त आलेच पाहिजे असे वाटते, कोणाला 'गेला महिना' म्हणजे पंचांगातला वाटतो, तर कोणाला आजपासून मागचे तीस दिवस. हे सारे फळ्यावर लिहावे आणि वर्गाने मिळून प्रश्न पुन्हा लिहावा. कोणत्याही मुलाला उत्तराची सक्ती करू नये. एखाद्याच्या बोलण्यातून मारहाणीची शंका आली, तर ते वर्गात न चर्चिता शिक्षकांनी त्याच्याशी एकट्याने, मायेने बोलावे आणि गरज पडल्यास मदत मिळवून द्यावी.

शेवटी त्या उत्तरांतल्या जागांची यादी करावी. जिन्याची मोडलेली पायरी, मैदानातला उघडा खिळा, पाण्याच्या टाकीजवळची शेवाळलेली फरशी, असे काहीतरी त्यात दोनतीनदा आलेले दिसेल. ती यादी मुख्याध्यापकांकडे द्यावी, दुरुस्ती झाल्यावर तीन महिन्यांनी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारावा आणि दोन्ही वेळची उत्तरे शेजारी शेजारी मांडून पाहावीत.